बाबांनी पास केलेली गाडी

आमच्या बाबांनी टर्बोसाठी आयुष्यात एकच गाडी खरोखर पास केली, आणि ती आम्ही घेतली नाही.

टर्बो म्हणजे माझा धाकटा भाऊ. हे नाव बाबांनीच ठेवलेलं. रांगायच्या वयात हा पठ्ठ्या एकदा सुटला की आई मागे धावून धावून घामाघूम व्हायची. बाबा गाड्यांचे मिस्त्री. खाली गॅरेज, वर आमचं घर. आई शिलाई मशीनवर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते आणि मी चौकापलीकडे स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असते. थोडक्यात, आमच्या घरातल्या चहालासुद्धा ऑइलचा वास. टर्बोने तरी काही वेगळं करावं की नाही? तर हा बेकरीची पावाची व्हॅन चालवायला लागला. ती व्हॅन अशी की मागचा सायकलवाला घंटी वाजवून पुढे निघून जायचा. दिवसभर तिला हाकायचं आणि घरी आलं की वेगवान गाड्यांचे फोटो बघत लोळायचं, हा साहेबांचा दिनक्रम.

नवी गाडी घ्यायची आमची ऐपत नव्हती, ते त्यालाही कळत होतं. पण जुनी, कुणीतरी हौसेने वापरलेली, बुटकी, दोन दारांची, पाय दाबला की पाठ सीटला चिकटवणारी अशी एखादी बेताच्या पैशांत मिळते, यावर त्याचा ठाम विश्वास. आणि मिळतेही, नाही असं नाही. फक्त ती नीट बघून घ्यावी लागते. बघायला तर घरातच मिस्त्री होता, आणि तिथेच सगळं घोडं अडलं होतं.

बाबांची गाडी बघायची पद्धत ठरलेली. आधी तळहात बॉनेटवर. बॉनेट गरम लागलं की पुढे बघायचंच नाही. लोक बघायला येणार हे ठाऊक असताना जो गाडी आधीच तापवून ठेवतो, त्याला थंड इंजिनाचा आवाज लपवायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. मग इंजिन सुरू करून ऑइलचं झाकण काढायचं आणि त्याच तोंडावर उलटं ठेवून द्यायचं. झाकण नुसतं थरथरलं तर ठीक, थयथय नाचलं तर आतल्या रिंगा गेल्या. शेवटी मागे जाऊन धुराच्या नळीशी पांढरा रुमाल धरायचा. तेलकट डाग उमटला की विषय संपला. एवढं सगळं झालं की बाबा रुमालाची घडी करून खिशात ठेवायचे, टर्बोकडे बघायचे आणि मान हलवायचे.

"नको रे. रिंग गेलीये."

कधी रिंग, कधी हेड, कधी चासी वाकलेली. वर्षानुवर्षं हेच. प्रत्येक वेळी टर्बोचं तोंड एवढंसं व्हायचं, मग दोन दिवसांनी स्वारी परत जाहिराती चाळायला मोकळी.

त्यात एक पिवळी गाडी होती. तिच्यावर टर्बोचा फारच जीव होता. बाबांनी सांगितलं, हेड गेलंय, वर्षाच्या आत इंजिन उतरवावं लागेल. ती गाडी पुढे शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी घेतली. या बाई माझ्या काउंटरवर नेहमी यायच्या. कधी वायपर घ्यायच्या, कधी दिव्याचा बल्ब. एकदा मी सहज विचारलं, "हेडचं काम केलंत का हो?" तर म्हणाल्या, "हेड? ते कुठे असतं?"

माझं डोकंच सणकलं. तशीच गॅरेजमध्ये गेले. बाबा एका टेम्पोखाली होते, नुसते पाय बाहेर. मी त्या पायांनाच विचारलं, "त्या पिवळीचं हेड गेलं होतं ना हो? मग बाई कशी काय फिरवते तिला? जादूने?"

पाय हलले नाहीत. खालून आवाज आला, "तू तुझं काउंटर सांभाळ."

"मी काउंटर सांभाळतेच आहे. तुम्ही पोराला का फसवताय?"

मग बाबा बाहेर आले, हात पुसले आणि मला गॅरेजच्या मागे घेऊन गेले. तिथे ओढून आणलेल्या अपघाताच्या गाड्या पडलेल्या असतात. मी त्या रोज बघते, नवीन काही नव्हतं. बाबा म्हणाले, "जरा नीट बघ. कसल्या आहेत?"

बहुतेक सगळ्या बुटक्या, दोन दारांच्या.

"यांच्या सीट मी धुतो," बाबा म्हणाले. "तुझ्या आईला त्यांना हात लावू देत नाही." एवढं बोलून ते परत टेम्पोखाली गेले. टर्बोला मी यातलं काही सांगितलं नाही. बाकी जगात हा माणूस खोटं बोलत नाही. गिऱ्हाइकाला सांगेल की बाबा रे, काही झालेलं नाही तुझ्या गाडीला, जा घरी. फक्त पोराच्या बाबतीत खोटं, आणि तेही इतकं व्यवस्थित, रुमाल वगैरे धरून.

मग टर्बोचा पाय लटपटायला लागला.

सुरुवातीला आम्ही हसलोच. जिन्यात अडखळला की मी म्हणायची, "काय टर्बो, गॅरेजला लावू का तुला?" नंतर एकदा व्हॅन चालवताना त्याचा डावा पाय पेडलवरून घसरला आणि व्हॅन बेकरीच्याच फाटकावर जाऊन आपटली. कुणाला लागलं नाही, पाव तेवढे रस्ताभर झाले. बेकरीवाल्याने चांगुलपणाने सांगितलं, थोडे दिवस आराम कर. मग डॉक्टर, तपासण्या, आणखी मोठे डॉक्टर. नसांचा आजार निघाला. पायापासून सुरू होतो आणि वर वर येत जातो. मोठ्या डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की यावर औषध नाही, जे करता येईल ते हसतखेळत करून घ्या. हसतखेळत! मला त्या माणसाची मानगूट धरावीशी वाटली. त्याची काय चूक म्हणा, पण कुणाची तरी मानगूट हवी होती मला त्या वेळी.

टर्बोला काहीच सांगावं लागलं नाही. त्याने सगळं फोनवर वाचून ठेवलं होतं.

त्या आठवड्यात एका सकाळी चहा पिता पिता बाबा एकदम म्हणाले, "टर्बो, रविवारी गाडी बघायला जाऊ. तुझी ती, पळणारी."

आईने मशीन थांबवलं. टर्बोने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला तिथे बसवेना. मी उगाच ओट्याशी जाऊन भांडी वाजवत राहिले.

मी म्हटलं, घ्यायचीच तर ऑटोमॅटिक घेऊ, पायाला त्रास नको. तर म्हणतो कसा, "ताई, ती गाडी नसते, ती लिफ्ट असते. बटण दाबायचं आणि उभं राहायचं. पाय आहे तोवर मला गियरचीच गाडी हवी."

पहिली गाडी एका व्यायामशाळेच्या मास्तरांची होती. लाल. मास्तर स्वतःच गाडीएवढे रुंद, आत मावत कसे असतील देव जाणे. बाबांनी सवयीने तळहात बॉनेटवर ठेवला आणि झटकन उचलला. भाजला असणार.

"बाबा, बॉनेट गरम आहे," टर्बो म्हणाला.

"ऊन आहे," बाबा म्हणाले.

आभाळ गच्च भरून आलं होतं. मी वर बघितलं, मास्तरांनीही वर बघितलं. बाबांनी कुणाकडेच बघितलं नाही. झाकण उलटं ठेवलं तर ते उडून खालीच पडलं. बाबा म्हणाले, झाकण ढिलं आहे. रुमाल धरला, तर डाग चांगला बशीएवढा. बाबांनी तो पटकन खिशात कोंबला. "धूळ आहे नुसती. छान आहे गाडी. घेऊन टाकू."

मला राहवेना. "डोंबल छान आहे! हिला घरापर्यंत न्यायची तर पुढून दोरी बांधून ओढत न्यावी लागेल."

"तुला काय कळतं?"

"मला काय कळतं? मी दिवसभर याच रिंगा विकते!"

मास्तर बिचारे हातातली किल्ली फिरवत उभे. टर्बो भिंतीला टेकून हसत होता. शेवटी त्यानेच बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी बाबांच्याच आवाजात म्हणाला, "नको हो बाबा. रिंग गेलीये."

दुसऱ्या रविवारी असंच. जुन्या गाड्यांचा एक विक्रेता होता, आत बसूनही काळा गॉगल लावणारा. त्याच्याकडची गाडी दारापासून मागच्या चाकापर्यंत पुट्टीने भरलेली. टिचकी मारली तर पत्र्याऐवजी भिंतीसारखा आवाज. बाबा म्हणाले, "पुट्टी तर काय, माणसंही तोंडाला लावतात." गॉगलवाला खूश झाला. मी बाबांना ओढत बाहेर आणलं.

त्या दिवशी घरी आल्यावर टर्बो जिन्यात मध्येच बसला. दम लागला नव्हता, पाय उचलत नव्हता. मीही खालच्या पायरीवर बसले. बाबा त्यांची टोचन गाडी, बंद गाड्या ओढून आणायची, मागे लावायला गेले होते.

"बाबांना झालंय काय?" मी म्हटलं. "आधी चांगल्या गाड्या नापास करायचे, आता भंगार पास करतायत." बोलून गेले आणि जीभ चावली.

टर्बो हसला. "मला माहीत होतं गं. ती पिवळी रोज माझ्या व्हॅनला ओव्हरटेक करून जायची. चित्रकलेच्या बाई हातसुद्धा दाखवायच्या."

"मग भांडला का नाहीस मेल्या?"

"कसा भांडणार? ते इतकी मेहनत घेऊन खोटं बोलायचे. झाकण काय, रुमाल काय. माझं मन नाही झालं." त्याने दोन्ही हातांनी पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवला. "ताई, पण आता मला भंगार नको. एकच गाडी मिळणार आहे मला. ती खरोखर चांगली हवी. आणि बाबांनी खरोखर बघून पास केलेली हवी. खोटं नको आता. तेवढं एक बघ ना."

मी उठून त्याला हात दिला. "बघते," म्हटलं.

मी बाबांना गॅरेजमध्येच गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. त्याला आधीपासून माहीत होतं हेही सांगितलं. बाबा टूलबॉक्सवर बसले. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "मला आता गाडीत दोषच दिसत नाही गं. बॉनेट उघडलं तरी डोळ्यांसमोर त्याचा पाय येतो. वाटतं, घेऊन टाकावी. जी मिळेल ती. आज चालवता येतेय, उद्याचं कुणी सांगावं?" आणि बाबा रडले. ऑइलच्या हातांनीच डोळे पुसले, तोंडभर काळं झालं. मी शेजारी बसून राहिले. मी त्यांची मुलगी, मला समजूत घालता येत नाही, मला भांडता येतं. म्हणून मी म्हटलं, "पुरे आता. गाडी मी शोधते. तुम्ही फक्त नीट बघायची. मिस्त्री म्हणून."

आणि शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक यायचे, चष्म्याच्या दुकानाचे मालक. भारी चोखंदळ माणूस. ऑइल घेतलं तरी बाटली उजेडात धरून बघणार. त्यांच्याकडे एक निळी होती, बुटकी, दोन दारांची, टर्बो फोटो बघून सुस्कारे टाकायचा अगदी तसलीच. थोड्याच महिन्यांपूर्वी त्यांनी तिचा अख्खा क्लच बदलला होता. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळं मीच काउंटरवरून दिलं होतं. मी विचारलं, विकणार का? ते उसासा टाकून म्हणाले, "विकायलाच काढलीये हो ताई. माझी कंबर गेली. तिच्यात बसता येतं, उठता येत नाही. उठवायला बायको लागते, आणि बायको हसते." पैसेही त्यांनी आमच्या आवाक्यातले सांगितले. गाडी चांगल्या घरी जाते आहे एवढं त्यांना पुरेसं होतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं बाबांच्या टोचन गाडीतून गेलो. टर्बोने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याची बटणं आईने लावून दिली होती, कारण हल्ली बटणं त्याच्या हातून निसटायची. त्यावर घरात कुणी बोलत नव्हतं. निघताना आईने एक नवंकोरं सीट कव्हर माझ्या हातात दिलं. निळ्या गाडीला शोभेल असं राखाडी, कडेला निळा दोरा. कधी शिवलं होतं कोण जाणे.

गाडी दुकानामागच्या गल्लीत कापडाखाली झाकलेली होती. चष्मेवाल्यांनी कापड काढलं आणि खिशातून भिंगं पुसायचा मऊ फडका काढून आरसा पुसला. टर्बोच्या तोंडून नुसतं "आई गं" निघालं.

बाबा पुढे झाले. तळहात बॉनेटवर ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

"थंड आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी ज्या तऱ्हेने गाडी बघितली, तसं मी त्यांना कधी बघताना बघितलं नव्हतं. जमिनीवर आडवे होऊन खालून बघितली. दारांच्या फटीतून बोट फिरवलं. टायर आतून चाचपले. इंजिन सुरू केलं, झाकण उलटं ठेवलं. झाकण जागचं हललं नाही, नुसतं थरथरत राहिलं. बाबा त्याच्याकडे बघत उभे. मग मागे गेले, रुमाल धरला, मला म्हणाले, "रेस कर." मी आत बसून पाय दाबला. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या, असा तो आवाज. मी गाडी बंद करून उतरले तोवर बाबांनी रुमाल उजेडात धरला. पांढराच होता.

ते टर्बोपाशी आले. "टर्बो," ते म्हणाले, "पास आहे. मी सांगतो ना, पास आहे. अशी गाडी मी पण फार बघितलेली नाही."

टर्बोने बाबांच्या डोळ्यांत बघितलं. त्याला हवं ते तिथे दिसलं असणार, कारण त्याने एकदम लहान मुलासारखी मान हलवली. "बसू?"

"बस की. तुझीच आहे."

बसायला त्याला वेळ लागला. डावा पाय आत घ्यायला त्याने हाताचा आधार दिला, आम्हाला दिसू नये म्हणून शर्ट नीट केल्यासारखं करत. आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले. गाडी सुरू केली, उजव्या पायाने हलकीशी रेस केली आणि काचेतून माझ्याकडे बघून हसला. मी त्याला सीट पुढे घ्यायची खूण केली.

मग त्याने गियर टाकायला हात पुढे केला आणि गियर कर्रकन ओरडला.

बाबा दचकले. टर्बोने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच आवाज. मी दाराशी उभी होते, मला आत दिसत होतं. त्याचा पाय पेडलवर होता, नुसता ठेवलेला. पेडल हलत नव्हतं. त्याने दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले आणि वरून जोर दिला. मानेच्या शिरा फुगल्या. पेडल अर्धवट खाली गेलं, पाय घसरला, पेडल वर आलं. त्याने परत पाय उचलून ठेवला. परत जोर दिला. चष्मेवाले गाडीच्या मागच्या बाजूला कापडाची घडी घालत होते, त्यांना यातलं काही दिसलं नाही.

टर्बोने किल्ली फिरवून गाडी बंद केली. थोडा वेळ समोरच्या काचेतून गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तोंड न वळवता म्हणाला, "बाबा, क्लच जड आहे हो."

मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "उतर, बघतो."

आम्ही दोघांनी त्याला बाहेर काढलं आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. बाबा आत बसले. त्यांनी पाय क्लचवर ठेवला आणि दाबला. मऊ पावात बोट जावं तसं ते पेडल खाली गेलं. जाणारच. नवाकोरा क्लच होता, माझ्याच हातचा माल. बाबांनी पाय उचलला, परत दाबला. तिसऱ्यांदा दाबला आणि तसाच दाबून ठेवला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर खाली पेडलकडे. मला वाटलं, आता यांना काही सुचणार नाही. खोटं नको, असं पोरानेच सांगितलं होतं ना. आणि आता तोच भिंतीला टेकून त्यांच्या उत्तराची वाट बघत होता.

बाबा उतरले. दार हलकेच लावलं. खिशातला रुमाल काढून त्याची नीट घडी केली आणि परत खिशात ठेवला.

"नको रे," ते म्हणाले. "मघाशी माझ्या लक्षात नाही आलं. प्रेशर प्लेट गेलीये."

चष्मेवाले कापड टाकून पुढे आले. "काय बोलताय मिस्त्री! आत्ता तर नवी टाकली! महिने किती झाले? या ताईंच्याच दुकानातनं नेलीये. सांगा ना हो ताई!"

ते आणि बाबा, दोघेही माझ्याकडे बघायला लागले. आता, मी काही साधी बाई नाही. माझ्या मालाला कुणी नाव ठेवलं तर मी काउंटरवरून उडी मारून बाहेर येते. आमच्या मालकांना मी तोंडावर सांगितलंय की खोटा माल आला तर मी विकणार नाही. मी टर्बोकडे बघितलं. त्याने डोळे खाली घातले होते आणि शर्टाचं एक बटण बोटात धरायचा प्रयत्न करत होता.

"त्या खेपेचा माल खराब निघाला," मी म्हटलं. "आम्ही सगळा परत पाठवला. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. चूक आमचीच."

चष्मेवाल्यांचा चेहरा मला बघवेना. एवढे दिवस उजेडात धरून माल घेणारा माणूस, त्याचा माझ्यावर विश्वास होता. "तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती ताई," असं म्हणून त्यांनी कापड उचललं आणि गाडीवर घालायला लागले. मी मदतीला गेले तर म्हणाले, राहू द्या. तेव्हापासून ते आमच्या दुकानाची पायरी चढलेले नाहीत. चारचौघांत सांगतात की तिथे खोटा माल विकतात, आणि आमचे मालक मला बोलतात. बोलू देत.

भिंतीशी टर्बोने मोठा श्वास सोडला. "तरीच," तो म्हणाला. "मला वाटलंच, काहीतरी गडबड आहे."

परत येताना तो मध्ये बसला होता, एका बाजूला बाबा, एका बाजूला मी, मांडीवर आईचं सीट कव्हर. मग तोच म्हणाला, "थोडक्यात वाचलो बाबा."

"हो ना," बाबा म्हणाले. "फसलोच असतो."

"पुढच्या रविवारी दुसरी बघू?"

"बघू की. गाड्यांना काय तोटा आहे."

मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि घर येईपर्यंत तसंच ठेवलं. माझं नाक गळत होतं आणि पुसायला काही नव्हतं. शेवटी आईच्या कव्हरलाच पुसलं.

ते कव्हर आई अजून कपाटातून काढत नाही, आणि आम्ही अजून दर रविवारी गाड्या बघायला जातो. टर्बो आता उतरत नाही. त्याला उचलून टोचन गाडीत बसवतो, मानेला आईने शिवलेली उशी लावतो आणि काच खाली करतो. गाडी त्याला दिसेल अशी बाबा उभी करून घेतात. मग सगळं शिस्तीत होतं. तळहात बॉनेटवर, झाकण उलटं, मागे रुमाल. काही काही गाड्या फार देखण्या असतात, आणि टर्बोला बघून मालक आपणहून पैसेही कमी करतो. टर्बो खिडकीतून बघत असतो. आता त्याला जोरात बोलता येत नाही, पण डोळे तेच आहेत, फोटो बघतानाचे.

बाबा रुमालाची घडी करत परत येतात आणि खिडकीपाशी वाकतात.

"नको रे. रिंग गेलीये."

"वाटलंच मला," टर्बो म्हणतो.

घरी आल्यावर त्यांच्या खिशातला रुमाल मी धुवायला काढते. दर आठवड्याला साबण घेऊन बसते, उलटासुलटा करून बघते, आणि धुण्यासारखं त्याच्यावर काहीही नसतं.